बोली मोबाईलवर, मालकी आरटीओत

हिर्डोशी खोऱ्यात भात झोडून झाले, पोती घरात आली, की घरोघरी दोन विषय निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा गाडीचा. नीरा-देवघरच्या पाण्याकडेने भोर-महाड रस्ता वरंध घाटाकडे चढतो आणि वाड्या राहतात रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीला. एस.टी. चुकली की दिवस गेलाच. दूध पोचवायचे, युरियाची गोण आणायची, पोराला कॉलेजला सोडायचे, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे. म्हणून मोटारसायकल ही आता चैन राहिलेली नाही, विळा-कोयत्यासारखेच ते एक औजार झाले आहे. पण नवी गाडी दारात येईपर्यंत लाखाच्या आसपास जाते. भाताच्या पैशात तेवढे बसत नाही. मग जुनी गाडी बघायची.

गेल्या हंगामात हरभऱ्याच्या बियाण्याचे बोलायला एका वाडीवर गेलो होतो. तिथला तरुण शेतकरी घरात नव्हता. वाडीच्या वरच्या अंगाला एक कातळ आहे, मोबाईलला रेंज तेवढ्याच जागी मिळते. तिथे तो फोन हातात धरून बसला होता. मला बघताच म्हणाला, "साहेब, बोली एकतीस हजारावर आलीय. वीस मिनिटं राहिल्यात. चढवू का अजून?"

साताऱ्याकडच्या कुणा माणसाने आपली २०१७ सालची गाडी ऑनलाइन लिलावाला लावली होती. फोटो झकास. मी विचारले, "गाडी पाहिलीस का?" तो म्हणाला, "फोटो हायेत की."

त्याचे वडील मागून आले होते. ते एवढेच बोलले, "बैल घ्यायचा तवा तीन बाजार हिंडलो आपण. दाताला बोट लावल्याबिगर पैसे दिलं न्हाईत."

शेतकरी बंधूंनो, म्हाताऱ्याच्या त्या एका वाक्यावर हा सगळा लेख आहे. लिलाव आपल्याला नवा नाही. मार्केट यार्डात माल आपण लिलावानेच विकतो. पण तिथे कांद्याची गोण फोडून व्यापारी आधी माल बघतो, मग आकडा बोलतो. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम सुरू केले, त्यातही मालाची प्रत आधी तपासायची आणि बोली नंतर, असाच क्रम ठेवला आहे. मोबाईलवर गाडी घेताना मात्र आपण तो उलटा करतो. बोली आधी, पैसे आधी, आणि माल बघायचा सर्वांत शेवटी.

घरबसल्या बोली लावण्याचा हा प्रकार तसा जुना आहे. मुंबईच्या बाझी डॉट कॉमने २००० सालच्या सुमारास तो आपल्याकडे आणला. २००४ मध्ये ती कंपनी अमेरिकेच्या ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतातले संकेतस्थळ बंद झाले. आज जुन्या गाड्यांचा लिलाव तीन वाटांनी होतो. एक, कोणी खाजगी मालक स्वतःची गाडी बोलीला लावतो. दुसरी, हप्ते थकल्यामुळे फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या गाड्या. तिसरी, पोलीस ठाण्यात पडून असलेल्या बेवारस गाड्या आणि सरकारी खात्यांच्या जुन्या गाड्या. सरकारी ई-लिलाव बरेचदा एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वाटेला "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे" ही अट ठरलेली. पुढे इंजिन बसले तर तक्रार चालत नाही. पोलिसांच्या लिलावात तर जाहिरात नीट वाचा. काही गाड्या नुसत्या भंगार म्हणून विकतात. त्या परत रस्त्यावर आणता येत नाहीत आणि फाट्यावरचा एजंट हे सांगत नाही.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण काय बघतो? सातबारा. नाव कोणाचे, इतर हक्कात बोजा कोणाचा, फेरफार झाला का. गाडीचे आरसी पुस्तक म्हणजे गाडीचा सातबाराच समजा. एम-परिवहन हे सरकारी ॲप फोनवर घ्या आणि गाडीचा नंबर टाका. नोंदणी कधीची, मुदत कुठवर, विमा आणि पीयूसी चालू आहे का, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसते. मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, पण समोरचा माणूस तोच आहे की नाही एवढे कळते. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, ते महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसते. पोलीस पाटलांना आणि महा ई-सेवा केंद्रवाल्यांना माझी विनंती आहे, की वाडीवरच्या माणसाला एवढे बघून द्या. पाच मिनिटांचे काम आहे.

आम्ही त्या कातळावर बसूनच नंबर टाकला. गाडीवर फायनान्सचा बोजा दिसला. विमा संपून वर्ष होऊन गेले होते. जाहिरातीत मात्र लिहिले होते, "कागद क्लिअर."

बोजा असलेली गाडी घेऊ नये असे नाही. सोसायटीचा बोजा असलेली जमीनही विकली जातेच. पण बोजा उतरवायला फायनान्स कंपनीचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ वर तिची सही लागते. "पैसे द्या, दाखला पुढच्या महिन्यात देतो" असे कोणी म्हटले तर पैसेही पुढच्या महिन्यातच द्यावेत.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० हे त्याचे अर्ज. दुसऱ्या राज्याची पासिंग असेल तर नमुना २८ चा दाखला आधी लागतो. सरकारी जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीचा अर्ज वेगळा, नमुना ३२, आणि त्याला लिलाव मंजुरीचा सही केलेला आदेश जोडावा लागतो. तो आदेश हातात घेतल्याशिवाय आवारातून गाडी हलवू नका. मूळ मालक वारला असेल तर वारसाने आधी नमुना ३१ वर गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, मगच विकायची. वारसनोंद केल्याशिवाय जमीन विकता येते का? तसेच हे.

या खोऱ्यात मी अशा गाड्या पाहिल्या आहेत, की ज्या तीन हातांतून गेल्या आणि नाव अजून पहिल्याचेच आहे. सही केलेला कोरा नमुना ३० डिकीत ठेवून लोक बिनधास्त फिरतात. यात घेणाऱ्यापेक्षा विकणारा जास्त अडकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एका मोटारीचे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. मूळ मालकाने २००७ मध्ये ती विकली, पुढे ती आणखी काही हातांतून गेली, पण आरटीओत नाव बदलले नाही. २००९ मध्ये अपघात होऊन एक मूल दगावले. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी कोर्टाने निकाल दिला, की नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचे पैसे विकणाऱ्याला मोजावे लागले. तेव्हा तुम्ही गाडी विकत असाल तरी नाव बदलेपर्यंत पिच्छा सोडू नका.

जुन्या गाडीचे आणखी दोन खर्च बोलीच्या आकड्यात धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, नाही तर आरटीओतले काम अडते. आणि गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर आला. वीस हजारात मिळालेली जुनी हिरो होंडा मग वीस हजारांची राहत नाही.

दाताला बोट लावा

आता गाडीकडे वळू. चासीचा नंबर बहुतेक मोटारसायकलींना हँडलखाली मानेवर ठोकलेला असतो, इंजिनचा नंबर इंजिनच्या कवचावर. दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. अंक घासलेले, वाकडे, ताजा रंग फासलेले दिसले तर तिथूनच माघारी फिरा. चोरीची गाडी पैसे मोजून घेतली तरी तुमची होत नाही. ज्याच्याकडे मालकीच नाही तो ती तुम्हाला देणार कुठून? शिवाय ठाण्याच्या चकरा वेगळ्या.

विकणाऱ्याला फोनवरच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर समजा, थंड इंजिनची खोड लपवायची आहे. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातेय. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर द्या, शॉकअबमधून तेल पाझरते का बघा. मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक आडवे हलवा. चाक खेळत असेल तर बुश गेले. आपल्या खोऱ्यात पावसाळाभर चिखल आणि घाटाचा चढ, त्यामुळे चेन-चकत्या, ब्रेक लायनर आणि बुश हेच आधी जाते. तेवढा खर्च बोलीतून वजा करा.

घाटाखालून, कोकणातून आलेल्या गाडीला एक जादा तपासणी हवी. जुलै २०२१ च्या महापुरात महाड, चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सर्वांनी पाहिले. तशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण सीट काढा, हेडलाइटच्या आत बघा, वायरींच्या जोडात नख घाला. तिथे वाळलेला गाळ असेल तर तो खोटे बोलत नाही.

एक मत माझे स्वतःचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांत बहुतेकांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. गाड्या चांगल्या आहेत, पण बिघाड शोधायला मशीन लागते आणि ते प्रत्येक फाट्यावरच्या मिस्त्रीकडे नसते. वाडीवर राहणाऱ्याने शेवटच्या बीएस-४ पैकी निगा राखलेली गाडी बघावी, असे मला वाटते. शहाण्या मिस्त्रीला दोनशे-पाचशे देऊन बरोबर न्या. बैल बघायला जाणता माणूस नेतोच ना आपण?

बोलीची नशा

लिलावात शेवटची दहा मिनिटे फार वाईट. समोर कोण आहे दिसत नाही. आकडा हजाराने वाढतो आणि गाडी बाजूला राहून ईर्ष्या सुरू होते. समोरचा बोली लावणारा कदाचित विकणाऱ्याचाच मेव्हणा असेल! मालविक्री कायदा १९३०, कलम ६४ म्हणते, की विकणाऱ्याने किंमत चढवायला खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो, आणि लिलाव पुकारून पूर्ण होईपर्यंत कोणालाही आपली बोली मागे घेता येते. कायदा आपल्या बाजूला आहे, पण मोबाईलवर ते सिद्ध कसे करणार? शिवाय अनामत जप्त करण्याची अट बारीक अक्षरांत असते. म्हणून आपला शेवटचा आकडा आधी कागदावर लिहा, घरच्यांना दाखवा, आणि त्याच्या वर एक रुपया जाऊ नका.

"मी फौजी आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतोय" हा तर आता मुरलेला डाव आहे. ओळखपत्राचा आणि वर्दीचा फोटो पाठवतात, गाडी लष्कराच्या गाडीतून पाठवतो म्हणतात, आणि आधी वाहतुकीचे, मग जीएसटीचे, मग अनामतीचे पैसे मागत राहतात. गाडी नसतेच. सैनिकाबद्दल आपल्या मनात मान आहे, त्याचाच हे लोक फायदा घेतात. गाडी बघू देत नाही, त्याला एक पैसाही पाठवू नका. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. फसगत झालीच तर लाजून घरी बसू नका, त्याच तासाला १९३० या नंबरवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आमच्या त्या पोराने चौतीस हजारावर बोली घेतलीच. तरणे रक्त, काय करणार! पण उरलेले पैसे पाठवले नाहीत. दोन दिवसांनी मिस्त्रीला घेऊन साताऱ्याला गेला. गाडी बरी निघाली, नंबर जुळले, चेन मात्र बाद. विकणारा लबाड नव्हता, अडचणीतला होता. शेवटचे नऊ हजार भरायचे राहिले होते. मग बापलेकांनी चांगली युक्ती केली. ते नऊ हजार विकणाऱ्याच्या हातात दिलेच नाहीत, त्याला बरोबर घेऊन फायनान्सच्या ऑफिसात भरले आणि पावती घेतली. दाखला आणि नमुना ३५ आल्यावर अर्धी रक्कम खात्यावर दिली, नमुना २९-३० वर सह्या, आधारची प्रत आणि किल्ली मिळाल्यावर उरलेली. चेनचे हजार रुपये त्यातून कापून घेतले. गाडी रस्त्यावर काढण्याआधी थर्ड पार्टी विमा उतरवला.

बोली मार्गशीर्षात झाली आणि आरसी पोस्टाने वाडीवर आली शिमग्याच्या आदल्या आठवड्यात. म्हाताऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली, नाव वाचून घेतले आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिली. पोराला गाडीबरोबर झेरॉक्स मिळाली. पण ती आरटीओच्या नाक्यावर चालत नाही, तेव्हा फोनवर डिजिलॉकर उघडून द्यायला परवा मला परत त्या कातळावर चढावे लागले.