खाड्याची भीती आणि ज्येष्ठांचे आरोग्य

आजी-आजोबांची शुश्रूषा करणाऱ्या ताई अनेकदा ताप अंगावर काढून कामाला येतात. कारण खाडा झाला की पगार कापला जातो. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. घरकामगार मात्र सहसा या योजनेबाहेरच राहतात.

ताईंचा फ्लू वृद्ध रुग्णाच्या बाबतीत न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. म्हणून त्यांना कामावर ठेवतानाच आजारपणाची भरपगारी रजा ठरवावी, बदलीच्या व्यक्तीची सोय करून ठेवावी आणि ‘बरे नसेल तेव्हा येऊ नका, पैसे कापणार नाही,’ असे आपणहून सांगावे. त्यांच्या विश्रांतीतच आपल्या ज्येष्ठांचेही रक्षण आहे.