प्रसिद्धी आणि पत

अपकीर्ती हीदेखील एक प्रसिद्धीच, असा समज आज रूढ होऊ पाहत आहे. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. 2010 मध्ये अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील पुस्तक-परीक्षणांचा विक्रीवरील परिणाम तपासला. प्रतिकूल परीक्षणानंतर अपरिचित लेखकांच्या पुस्तकांची विक्री सुमारे 45 टक्के वाढली. नामवंतांची मात्र सुमारे 15 टक्के घटली. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला टीकेनेही ओळख लाभते. ज्याच्या गाठीशी पत आहे, त्याची ती खर्ची पडते.

गोल्फपटू टायगर वुड्स याचे उदाहरण बोलके आहे. 2009 च्या अखेरीस त्याचे विवाहबाह्य संबंध उघड झाले. गोल्फ न पाहणाऱ्यांच्या तोंडीही त्याचे नाव आले. परंतु ॲक्सेंचर आणि एटी अँड टी या कंपन्यांनी त्याच्याशी असलेले करार संपुष्टात आणले. दुखापतींवर मात करून 2019 मध्ये त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हा पुन्हा टाळ्या वाजल्या. त्या कर्तृत्वाला होत्या, गाजावाजाला नव्हे.

व्यापारी कुटुंबांना हा भेद नवा नाही. पेढीचे नाव सर्वतोमुखी होणे निराळे आणि तिच्या शब्दावर माल उधार मिळणे निराळे. पहिले एका दिवसात घडते. दुसऱ्यास पिढ्या लागतात.

मात्र अपकीर्तीच्या या बाजाराला गिऱ्हाईक आपणच पुरवतो. अठरा पापस्थानांत ‘परपरिवाद’, म्हणजे परनिंदा, हिची गणना आहे. कोणाच्या बदनामीचे वृत्त मोबाईलवरून पुढे धाडण्यापूर्वी एवढे स्मरावे.