शिवणे, टाचणे, तुरपणे

‘दिवाळीला दोन ड्रेस शिवले’ असं एखादी म्हणाली, तर ती स्वतः मशीनवर बसली होती असं कुणी समजत नाही. कापड घेतलं, मापं दिली, शिलाई मोजली, हे सगळं मिळून ‘शिवणे’. चांभार चप्पल शिवतो, डॉक्टर जखम शिवतात, आजी गोधडी शिवते. फार ऐसपैस क्रियापद आहे हे, आणि जुनंही. संस्कृत ‘सिव्’ धातूपासून ते आलं. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका या देवतेला, न तुटणाऱ्या सुईने आपलं काम शीव, अशी विनवणी आहे.

अगदी याच रूपाचं दुसरं एक ‘शिवणे’ मराठीत आहे, स्पर्श करण्याचं. ते प्राकृतातल्या ‘छिव’कडून आलं, सुईशी त्याचा संबंध नाही. तरी बोलताना आपला कधी घोटाळा होत नाही, कारण वाक्याची घडणच वेगळी. ‘शिंप्याने सदरा शिवला’, पण ‘कावळा पिंडाला शिवला’. पहिल्यात करणाऱ्याला ‘ने’ लागतो. दुसऱ्यात करणारा मोकळा राहतो आणि ‘ला’ पिंडाला जातो.

समानार्थी शब्द म्हणून ‘शिवणे’च्या पुढे टाचणे, तुरपणे, टाके घालणे असे शब्द सरसकट मांडले जातात. मला ते पटत नाही. शिवणाऱ्या हाताला विचारलं तर ही वेगवेगळी कामं आहेत. कोणता शब्द वापरायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: दोरा किती दिवस टिकायला हवा आणि तो कुठे दिसायला हवा.

टाचणे म्हणजे तात्पुरतं अडकवणे. बाही बसते का बघायला लांब लांब कच्चे टाके घालायचे, अंगावर घालून पाहायचं, पक्की शिलाई झाली की ते ओढून काढायचे. टाचणी यातलीच, आणि शिक्षकांचं पाठटाचणही. धावदोराही सरळ पुढे पळतो, पण तो राहण्यासाठी असतो. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर तोच धरून ठेवतो. अनेक जणी कडेकडेने सुरुवात करून चौकोनात आत आत येतात, म्हणजे थर सरकत नाहीत.

टीप हे मुख्यतः मशीनचं काम. हाताच्या टाक्यात अख्खा दोरा कापडातून आरपार जातो. मशीनमध्ये तो कधीच पूर्ण पलीकडे जात नाही. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. सुई खाली जाऊन वर येताना दोऱ्याचा एक फास खाली राहतो, शटलचा आकडा तो पकडून बॉबिनभोवती फिरवतो, आणि वरचा व खालचा दोरा कापडाच्या जाडीतच एकमेकांत अडकतात. ताण बिघडला की ही गाठ एका बाजूला दिसू लागते. अशी टीप ओढली की सुटते.

तुरपणे, म्हणजे हातशिलाई, हे मला सगळ्यांत देखणं काम वाटतं. कड दोनदा दुमडायची, सुई दुमडीतून काढायची आणि पुढच्या कापडाचे एक-दोनच धागे टोकाने उचलायचे. तीन धागे उचलले तर उजव्या बाजूला ठिपका दिसतो. दोरा जास्त ओढला तर कापड चुरमडतं. साडीला फॉल लावणाऱ्या बायकांची बोटं हे न बघता करतात. ‘फॉल स्टिच केला’ म्हटलं की यातलं काहीच कळत नाही: मशीन मारली की हाताने लावला, हेसुद्धा नाही.

रफू तर शिवणे नव्हेच, ते विणणे. गेलेल्या धाग्यांच्या जागी नवे धागे उभे-आडवे भरायचे. रंग जुळावा म्हणून ते त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढतात.

राहिलं उलटं काम, उसवणे. कापड फाटतं आणि शिवण उसवते. फाटलेल्याला रफू किंवा ठिगळ लागतं. उसवलेल्याला फक्त दोरा. मुद्दाम उसवायचं असेल तर टीप खसकन ओढू नये, कापड फाटतं. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका ब्लेडने कापावा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा सलग निघून येतो. चांगला शिंपी याची तजवीज आधीच करतो. ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत तो जास्तीचं कापड, म्हणजे माया, ठेवतो आणि त्या मायेत दोन-तीन समांतर टिपा मारून देतो. ब्लाऊज घट्ट झाला की अंगाकडची टीप उसवायची. काठाकडची पुढची टीप तयारच असते.