मृतदेहाची साक्ष आणि मिठाच्या पाण्याची बरणी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार. उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलिसांच्या कडेकोट बंदोबस्तात एका तरुणाचे दफन झाले. बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणातला हा आरोपी २३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला होता. आईवडिलांना दहन नको होते. पुढे पुन्हा तपासणीची वेळ आली तर शरीर हाताशी असावे, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे होते. जागा कुणी द्यायला तयार होईना, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयात आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे सापडले नाहीत, अशी नोंद त्यात होती आणि पाच पोलिसांवर ठपका होता. पुढचा वाद न्यायालयांचा आहे. आपल्या कामाचे एवढेच, की दफनाचा तो आग्रह भावनेपोटी नव्हता. शरीर हा पुरावा असतो आणि तो नासतो, हे न्यायवैद्यकातले पहिले सूत्र त्यामागे होते.

या विषयात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर बरेच काही घडले. न कापता होणारे शवविच्छेदन पसरले, जिवाणूंवरून मृत्यूची वेळ काढण्याचे प्रयोग झाले, जखमेतली प्रथिने वाचता येऊ लागली. यातले किती उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात कामाला येईल, हे मात्र प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा शवागारातल्या पहिल्या दोन तासांवर ठरते.

गोळीचेच उदाहरण घ्या. गोळी किती अंतरावरून सुटली, हा प्रश्न त्या प्रकरणात न्यायालयातही निघाला. नळी कातडीला टेकवून झाडली तर डोक्यावरची जखम चांदणीसारखी फाटते आणि धूर आत शिरतो. थोड्या अंतरावरून झाडली तर जखमेभोवती काजळी बसते. आणखी लांबून काजळी पोहोचत नाही, पण न जळलेल्या दारूचे कण कातडीत घुसून ठिपके उमटतात. त्याहून लांबून फक्त भोक आणि त्याभोवती खरचटल्याची कड उरते. नेमके अंतर सांगायचे तर तेच हत्यार आणि तशीच काडतुसे घेऊन कापडावर गोळ्या झाडून ठिपके ताडून पाहावे लागतात. ज्याने गोळी झाडली त्याच्या हातावर शिसे, बेरियम आणि अँटिमनीचे सूक्ष्म कण बसतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखू येतात. हात धुतला, पुसला, कपड्याला घासला की ते जातात. म्हणून अंगावरचे कपडे काढण्याआधी, शरीर धुण्याआधी हातांचे नमुने घ्यावे लागतात. तो क्षण गेला की जगातले कोणतेही यंत्र तो परत आणत नाही.

आपल्याकडची रोजची प्रकरणे मात्र गोळीची नसतात. कुणी विष घेतलेले असते, कुणी गळफास लावलेला असतो, कुणी रुळांवर सापडतो, कुणी पाण्यात. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद (एडीआर) करतात, पंचनामा होतो आणि या पट्ट्यातला मृतदेह बहुधा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात शवविच्छेदनाला (पीएम) जातो. कारण तिथल्या तिथे कळले नाही तर डॉक्टर मत राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. मग ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालाची, वाट पाहणे सुरू होते. घरच्यांचे महिने त्यात जातात.

त्या व्हिसेऱ्याच्या बरणीत काय असते ते जवळून पाहू. जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, वेगळ्या बाटलीत रक्त. बरणीत ओतायचे ते मिठाचे संपृक्त पाणी, म्हणजे तळाशी न विरघळलेले मीठ दिसेल इतके मीठ घातलेले. कुजणे थांबवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि आजही चालतो. रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात, नाहीतर बाटलीतच जिवाणू दारू तयार करू लागतात आणि न प्यायलेला माणूस कागदोपत्री प्यायलेला ठरतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे मात्र फॉर्मेलिनमध्ये जातात. या दोन बरण्यांची अदलाबदल झाली की सगळे बिघडते. फॉर्मेलिनमध्ये पडलेल्या व्हिसेऱ्यातून अनेक विषे शोधणे कठीण होते आणि मिठात पडलेले हृदय पेशींच्या तपासणीला निकामी होते. नवे संशोधन याच बरण्यांवर उभे आहे.

आता मृत्यूच्या वेळेकडे वळू. शरीर गार होणे, ताठरणे, रक्त खाली उतरून डाग पडणे, ही जुनी त्रिसूत्री पहिल्या एक-दीड दिवसापुरती. डोळ्यातल्या द्रवात पोटॅशियम हळूहळू वाढते, त्यावरून आणखी थोडे पुढे जाता येते. त्यानंतर माश्या आणि अळ्या साक्षीला येतात. अळी किती वाढली हे तपमानावर ठरते, म्हणून त्या दिवसांतले तपमान तासागणिक हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’त अमेरिकेतले एक संशोधन प्रसिद्ध झाले. टेनेसी, टेक्सास आणि कोलोरॅडो इथल्या तीन केंद्रांत ३६ देहदानाचे मृतदेह उघड्यावर ठेवून त्यांवरचे जिवाणू आणि बुरशी दिवसामागून दिवस मोजली. हवामान वेगळे असूनही कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मूळ संच सारखाच निघाला आणि संगणकाने त्यावरून मृत्यूचा दिवस सुमारे तीन दिवसांच्या फरकाने सांगितला. मोठीच गोष्ट आहे. पण त्या ३६ जणांत एकानेही आपला जुलै सोसलेला नाही. बदलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत. इथले घड्याळ लावायचे तर इथल्याच नोंदी हव्यात. मृतदेह सापडला त्या खोलीतले तपमान, पंखा चालू होता की बंद, अंगावर गोधडी होती का, एवढे पंचनाम्यात आले तरी निम्मे काम होते.

पाण्याचेही तसेच. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या डोहात, बारवी धरणाच्या पाण्यात, उल्हास नदीत माणसे बुडतात. मृतदेह पाण्यात सापडला म्हणून मृत्यू बुडूनच झाला असे नाही. मारून पाण्यात टाकलेलेही असतात. इथे डायटम नावाची एकपेशीय शेवाळे कामाला येतात. त्यांना काचेसारखे सिलिकाचे कवच असते. जिवंत माणूस बुडताना पाणी ओढतो, फुफ्फुसातले सूक्ष्म पडदे फाटतात, कवचे रक्तात शिरतात आणि हृदय चालू असल्यामुळे हाडाच्या मज्जेपर्यंत पोहोचतात. मज्जा तीव्र आम्लात विरघळवली की कवचे उरतात. या चाचणीवर पूर्वीपासून आक्षेप आहेत. प्रयोगशाळेच्या नळाच्या पाण्यातूनही डायटम येऊ शकतात आणि खऱ्या बुडालेल्यात कधीकधी सापडतही नाहीत. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या संशोधकांनी मायक्रोवेव्हने ऊती विरघळवून, गाळून, स्वयंचलित इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजण्याची पद्धत बसवली, त्यामुळे चाचणी बरीच भरवशाची झाली. कवचांची जात संगणकाकडून ओळखून घेण्याचे कामही जोरात आहे.

इथेही स्थानिक माहितीवाचून अडते. बदलापूरजवळ उल्हास गोड्या पाण्याची आहे आणि कल्याणच्या खाडीत भरतीचे खारे पाणी येते. दोन्हींतले डायटम वेगळे. वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगरमधून रसायने अंगावर घेत खाली येते, तिच्यात काय जगते हा आणखी वेगळा प्रश्न. खाडीत सापडलेला माणूस वर कुठे पाण्यात पडला, याचे उत्तर मज्जेतली कवचे देऊ शकतात. पण त्यासाठी नदीच्या प्रत्येक टप्प्यावरच्या डायटमची, ऋतूवार यादी आधी तयार असायला हवी. हे काम परदेशी संशोधक करून देणार नाहीत. इथल्या कॉलेजांचे वनस्पतिशास्त्र विभाग नमुने घेऊन करू शकतील इतके ते सोपे आहे.

रेल्वेचा विषय तर इथल्या घराघरातला. २०२३ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० जण मेले, हा आकडा उच्च न्यायालयासमोर आला, म्हणजे दिवसाला सात. माणूस लोकलमधून पडला की रूळ ओलांडत होता, की कुणी आणून टाकला, हे शरीरावरून ठरवावे लागते. पडून फरपटत गेलेल्याच्या अंगावर एका दिशेने सोललेले पट्टे असतात. चाकाखाली आलेल्याच्या जखमेच्या कडा चेंगरलेल्या असतात आणि त्यांना वंगण लागलेले असते. आधीच मेलेल्याला रुळांवर टाकले असेल तर जखमा भयंकर असूनही आसपासच्या मांसात रक्त मुरलेले नसते. त्या मुरलेल्या रक्तावरचे नवे संशोधन महत्त्वाचे आहे. जखम होताच काही मिनिटांत तिथे फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने गोळा होतात. तांबड्या पेशींवरचे ग्लायकोफोरिन ए मृतदेह कुजू लागल्यावरही ओळखू येते. म्हणजे डोळ्याला काही दिसत नसले तरी जखम जिवंतपणीची की नंतरची, हे सांगता येते. अट एकच, जखमेच्या कडेचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये राखलेला असला पाहिजे.

हा प्रश्न पैशाशीही जोडलेला आहे. लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्यानुसार वारसांना ८ लाख रुपये भरपाई मिळते. आत्महत्या असेल तर नाही. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात सांगितले. तरी तो ‘पडला’ हे सिद्ध व्हावे लागतेच आणि तिथे पीएम रिपोर्टमधल्या दोन ओळी कुटुंबाचे भवितव्य ठरवतात. ‘रेल्वे अपघातात अनेक जखमा’ एवढेच लिहिले असेल तर त्या ओळींचा वारसांना काही उपयोग नाही.

न कापता शवविच्छेदनाची चर्चा सध्या बरीच ऐकू येते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी हे काम सुरू झाले. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ मध्ये केंद्र उघडले. सीटी स्कॅनमध्ये हाडे, गोळ्या, रक्ताचे साठे उत्तम दिसतात आणि नातेवाइकांचा चिरफाडीला असणारा विरोध मावळतो. पण ‘लॅन्सेट’ने २०१२ मध्ये १८२ मृत्यूंवरचा ब्रिटनमधला अभ्यास छापला, त्यात सीटीने सांगितलेले कारण प्रत्यक्ष शवविच्छेदनाशी ३२ टक्के वेळा जुळले नाही. हृदयविकार आणि फुफ्फुसात अडकलेली गुठळी हे त्याचे कच्चे दुवे होते. विष तर स्कॅनला दिसतच नाही. सीटी आले तरी मिठाच्या पाण्याची बरणी राहणारच.

ओळख पटवण्याच्या कामात डीएनएने मात्र शंका ठेवलेली नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. मृतांत बदलापूरचे एक विमान कर्मचारीही होते. बहुतेकांची ओळख नातेवाइकांचे रक्त घेऊन, डीएनए जुळवूनच पटवावी लागली.

न्यायवैद्यक मेलेल्यांपुरते नाही, हेही सांगायला हवे. बदलापूरच्या प्रकरणानंतर पालकांच्या मनात बसलेला एक समज धोकादायक आहे, की अत्याचार झाला असेल तर तपासणीत दिसेलच. १९९४ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉयस अॅडम्स यांनी न्यायालयात अत्याचार सिद्ध झालेल्या २३६ मुलांच्या तपासण्या पाहिल्या. मुलींमध्ये स्पष्ट खुणा सुमारे १४ टक्क्यांतच निघाल्या. जखम नसणे म्हणजे मूल खोटे बोलते असे नव्हे. विदर्भातल्या सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या दर्जाचे वाभाडे काढणारा अहवाल लिहिला. दोन बोटांची अपमानास्पद चाचणी करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले. ज्ञान विदर्भात तयार झाले, ते कर्जत मार्गावरच्या प्रत्येक रुग्णालयापर्यंत पोहोचायला हवे.

कायदा आता तज्ज्ञांच्या बाजूला झुकला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. कोठडीतल्या मृत्यूचे शवविच्छेदन चित्रित करा, हे मानवाधिकार आयोग १९९५ पासून सांगत आहे. पण कायद्याने माणसे आणि शीतकपाटे आपोआप येत नाहीत. महापालिका आणि नगरपालिकेत आपण रस्ते, पाणी, कचरा यांवर भांडतो. शवागारात पूर्णवेळ न्यायवैद्यक तज्ज्ञ आहे का, हा प्रश्न कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. तो विचारायला हवा.

आणि वेळ आपल्यावर आलीच, तर एवढे करा. पोलीस येईपर्यंत शरीर धुऊ नका, कपडे बदलू नका, औषधांच्या गोळ्या आणि रिकाम्या बाटल्या फेकू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. व्हिसेरा राखला का, जखमेचा तुकडा तपासणीला पाठवला का, हे डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारा आणि पीएमचा क्रमांक लिहून घ्या. मेलेल्या माणसाला त्याची बाजू मांडता येत नाही, ती जपण्याचे काम पहिल्या दोन तासांत आपले असते.