फ्रिजची झाली खुर्ची

मुलांनो, जुना फ्रिज भंगारात गेला की त्याचा पत्रा विकला जातो. पण आतल्या प्लॅस्टिकचे काय? नेदरलँड्समधील डर्क व्हान डेर कोय या तरुणाने २०१० साली त्याच प्लॅस्टिकची खुर्ची बनवली. (उर्दूतील कुर्सी, ती मराठीत खुर्ची!)

त्याच्याजवळ कारखान्यातून काढलेला एक जुना यंत्रमानव होता. यंत्रमानव म्हणजे चालताबोलता पुतळा नव्हे; हा नुसता सांधे असलेला लोखंडी हात. प्लॅस्टिकचे बारीक तुकडे तापवले की ते वितळून यंत्राच्या तोंडातून जाड दोरीसारखे बाहेर येते. जिलेबीवाला कढईत पिठाची धार कशी फिरवतो, ते तुम्ही पाहिले असेल. हा हातही तशीच धार फिरवतो, संगणकाच्या आज्ञेप्रमाणे. एका थरावर दुसरा थर चढतो. खालचा थर फार गार झाला, तर वरचा नीट चिकटत नाही आणि खुर्ची तिथेच तडकते. फसलेली खुर्ची मात्र वाया जात नाही. तुकडे करून पुन्हा यंत्रात! शिवाय साचा लागत नाही. आकार बदलायचा तर फक्त आज्ञा बदलायची.

पुढे 'द न्यू रॉ' या संस्थेने ॲमस्टरडॅम शहरासाठी असाच बाक बनवला. त्याचे वजन सुमारे ५० किलो. तिथली दोन माणसे वर्षभरात जवळजवळ इतके प्लॅस्टिक टाकतात.

मात्र बाटलीचे आणि पिशवीचे प्लॅस्टिक एकत्र वितळवले, तर ते एकजीव होत नाही. आधी ते निवडावे लागते. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी कचरा वेचणाऱ्या बायका हातांनीच करतात.