पाहुण्यांना नारिताला पोचवताना

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे किंवा आप्तांकडे आलेल्या पाहुण्यांना विमानतळावर घ्यायला जाणे त्या मानाने सोपे असते, कारण यजमान बाहेर पडण्याच्या दाराशी उभा असतो आणि विमानाला उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही. परतीच्या दिवशी मात्र ठरलेली वेळ गाठायची असते, सामान येतानापेक्षा वाढलेले असते आणि यजमानाला कामाच्या दिवशी रजा मिळतेच असे नाही. जपानमध्ये ही जबाबदारी बहुधा रेल्वेवर सोपवली जाते. तेथील गाड्या वेळ पाळतात हे खरे, पण त्यामुळेच भलती गाडीही अगदी वेळेवर येते आणि पाहुणे निःशंकपणे तिच्यात चढतात. म्हणून मार्ग निवडताना किती मिनिटे वाचतात हे पाहण्यापेक्षा पाहुण्यांना वाटेत किती निर्णय स्वतः घ्यावे लागतील, हे मोजणे अधिक शहाणपणाचे ठरते.

तोक्योच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे, आणि त्याचे मूळ नारिता विमानतळाच्या इतिहासात सापडते. शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, चिबा प्रांतातील शेतजमिनीवर हा विमानतळ उभारताना स्थानिक शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला आणि तो १९७८ च्या मे महिन्यात सुरू झाला. तोक्योहून तेथवर शिनकान्सेन, म्हणजे जपानची अतिजलद रेल्वे, नेण्याची योजना होती. तिचे काम १९७४ मध्ये सुरूही झाले, पण मार्गावरील रहिवाशांच्या विरोधामुळे ते थांबले आणि पुढे योजनाच रद्द झाली. केइसेइ या खासगी रेल्वे कंपनीचे स्थानक सुरुवातीला टर्मिनलपासून दूर होते आणि तेथून प्रवाशांना बसने जावे लागे. शिनकान्सेनसाठी टर्मिनलखाली बांधून ठेवलेली जागा अखेर १९९१ मध्ये जेआर हा देशव्यापी रेल्वे समूह आणि केइसेइ या दोघांच्या साध्या गाड्यांना मिळाली. २०१० मध्ये केइसेइने नवा, अधिक सरळ मार्ग उघडला, आणि त्यावरून ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणारी स्कायलायनर तोक्योतील निप्पोरीहून दुसऱ्या टर्मिनलला सुमारे ३६ मिनिटांत पोचू लागली. जुना मार्ग बंद झाला नाही, नवा त्याच्या जोडीला आला; त्यामुळे आज एकाच विमानतळाकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या भाड्यांच्या आणि वेगवेगळ्या वाटांच्या गाड्या जातात.

यात भर पडते ती सलग गाड्यांच्या पद्धतीची. एका कंपनीची गाडी आपला मार्ग संपल्यावर न थांबता दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर पुढे जाते, अशी ही व्यवस्था तोक्योच्या भुयारी रेल्वेत १९६० मध्ये आसाकुसा मार्ग आणि केइसेइ यांच्यात सुरू झाली व १९६८ मध्ये दक्षिणेकडील केइक्यू कंपनीही तीत सामील झाली. रोजच्या प्रवाशांची त्यामुळे मोठी सोय झाली. नवख्याची मात्र पंचाईत होते, कारण आसाकुसा मार्गावर एका दिशेच्या काही गाड्या नारिता विमानतळाला जातात आणि विरुद्ध दिशेच्या काही गाड्या हानेदा या तोक्योच्या दुसऱ्या विमानतळाला. दोन्हींच्या पाट्यांवर विमानाचे चित्र असते. तोक्योच्या एदोगावा भागातील निशी-कासाई येथे अनेक भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. तेथून तोझाइ मार्गाने निहोम्बाशीला येऊन आसाकुसा मार्गाची गाडी धरणाऱ्या पाहुण्यांपुढे नेमका हाच पेच उभा राहतो. नारिताची दिशा बरोबर निवडली तरी काम संपत नाही, कारण त्या दिशेची प्रत्येक गाडी विमानतळापर्यंत जात नाही. काहींचा प्रवास नारिता गावातच संपतो, आणि केवळ ‘नारिता’ एवढे नाव वाचून उतरलेला प्रवासी विमानतळाच्या अलीकडे, प्रसिद्ध नारितासान मंदिराच्या गावात जाऊन पोचतो.

विमानतळाखालीही दोन स्थानके आहेत. गाडी आधी दुसऱ्या टर्मिनलच्या स्थानकात थांबते आणि मग पहिल्या टर्मिनलच्या शेवटच्या स्थानकात. तिसरे टर्मिनल २०१५ मध्ये मुख्यतः स्वस्त विमानसेवांसाठी सुरू झाले. त्याला स्वतःचे स्थानक नाही, त्यामुळे दुसऱ्या टर्मिनलला उतरून चालत किंवा बसने जावे लागते. टर्मिनलचा आकडा ठळक अक्षरांत कागदावर लिहून पाहुण्यांच्या खिशात ठेवणे भाबडेपणाचे वाटेल, पण मोबाइलची बॅटरी संपते आणि कागद टिकतो.

ओसाकाची गंमत आणखी वेगळी. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावरील कानसाई विमानतळाकडे जाणाऱ्या जेआरच्या जलद गाड्यांपैकी अनेक आठ डब्यांच्या असतात आणि हिनेनो स्थानकात त्यांचे दोन तुकडे होतात: पहिले चार डबे विमानतळाला जातात, मागचे चार वाकायामा शहराला. कल्याणला कर्जत आणि कसारा यांच्या वाटा फुटतात हे मुंबईकराला ठाऊक असते, पण तेथे गाडी अख्खीच एका वाटेने जाते. येथे गाडी बरोबर असूनही डबा चुकू शकतो. विमानतळ मुख्य भूमीशी एकाच पुलाने जोडलेला आहे, हेही यजमानाने लक्षात ठेवावे. ४ सप्टेंबर २०१८ च्या वादळात एक तेलवाहू जहाज त्या पुलावर आदळले आणि रेल्वे सुमारे दोन आठवडे बंद राहिली. वादळाचा इशारा असताना पर्यायी मार्गापेक्षा विमान कंपनीची सूचना आधी पाहणे इष्ट.

सामानाचा प्रश्न जपानने फार चांगला सोडवला आहे. यामातो कंपनीने १९७६ मध्ये सुरू केलेल्या घरपोच सेवेचे अनुकरण इतरांनीही केले, आणि आता मोठ्या बॅगा काही दिवस आधी घरातूनच विमानतळावर पाठवून तेथील काउंटरवर त्या ताब्यात घेता येतात. सकाळच्या गर्दीच्या वेळी भुयारी रेल्वेतून दोन मोठ्या बॅगा घेऊन जाणारे वृद्ध जोडपे पाहिले की या सेवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

यजमानाला शेवटपर्यंत जाता येत नसेल, तर त्याने निदान जेथे शेवटची गाडी बदलायची तेथपर्यंत जावे. जेआरची नारिता एक्स्प्रेस आणि केइसेइची स्कायलायनर या विमानतळाच्या दोन्ही गाड्यांत सर्व आसने आरक्षित असतात; मूळ भाड्याखेरीज जलद गाडीचे वेगळे तिकीट घ्यावे लागते, पण डबा व आसन क्रमांक ठरलेला असल्याने पाहुण्यांना बसवून दिले की उरलेल्या प्रवासात फक्त योग्य टर्मिनलला उतरणे एवढाच निर्णय राहतो. महाग म्हणून या गाड्या टाळणारे यजमान त्या बचतीबरोबर पाहुण्यांच्या गळ्यात दोन-तीन बदल घालतात. फलाटापर्यंत सोबत जाण्यासाठी जेआरच्या स्थानकांत प्रवेशाचे तिकीट मिळते. पूर्व जपानच्या जेआरमध्ये ते दोन तास चालते, मात्र त्यावर गाडीत चढता येत नाही.

पाहुण्यांजवळ सुइका किंवा पास्मो हे शिल्लक भरून वापरायचे कार्ड असेल, तर ते परत करून ठेव मिळवता येते, पण ज्या कंपनीने ते दिले तिच्याच खिडकीवर. सुइकाच्या शिल्लक रकमेतून शुल्क कापले जाते, म्हणून उरलेले येन आधी विमानतळावरील दुकानात खर्च करावेत. आणि पुन्हा येण्याचा बेत असेल तर कार्ड परत न करणेच बरे, कारण शेवटच्या वापरापासून १० वर्षे ते चालू राहते.