चौकटीत मावणारा नकाशा

नकाशे काढणाऱ्या आमच्या कोड लायब्ररीत पहिल्यापासून दोन आकडे पक्के होते: रुंदी ८०० पिक्सेल, उंची ६५०. ही लायब्ररी लीफलेटवर उभी आहे. व्होलोदिमिर आगाफोंकिन या युक्रेनच्या प्रोग्रॅमरने २०११ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली लीफलेट ही नकाशांची लायब्ररी आज जगभर वापरली जाते. संगणकाच्या पडद्यावर आमचे ते दोन आकडे चालून गेले. पण नकाशा आता फोनवर पाहिला जातो, म्हणून आकार लवचीक करायचे काम हाती घेतले.

वरवर पाहता काम एका ओळीचे. पिक्सेलच्या जागी १००% लिहू द्यायचे. रुंदीचे लगेच जमले, उंचीने अडवले. उंचीचे टक्के बाहेरच्या चौकटीवरून मोजले जातात. त्या चौकटीला उंची दिलेलीच नसेल, तर ती आतल्या मजकुरावरून ठरते, आणि नकाशाच्या डब्यात तिला उंची देणारे काहीच नसते. उंची शून्य, पान कोरे, आणि चूक दाखवणारा एक संदेशही नाही. म्हणून उंचीसाठी आम्ही प्रमाण मागितले: रुंदीच्या किती पट.

खरा पेच त्यापुढे, झूममध्ये होता. झूमच्या शून्याव्या पायरीवर सगळे जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनी तुकड्यावर, म्हणजे टाइलवर, बसते आणि दर पायरीला त्याची रुंदी दुप्पट होते. उदाहरणार्थ, महाराष्ट्र ७२°३६′ ते ८०°५४′ पूर्व रेखांशांत पसरलेला, म्हणजे ८.३ अंश. सातव्या पायरीवर तो साधारण ७५५ पिक्सेल रुंद आणि ६०५ उंच होतो. जुन्या चौकटीत तो नीट मावत होता. आता ३६० पिक्सेल रुंदीचा फोन घ्या. सहाव्या पायरीवर राज्य ३७८ पिक्सेलचे, म्हणजे पालघरचा किनारा आणि गडचिरोलीची पूर्व कड दोन्ही कापली जातात. पाचव्या पायरीवर ते १८९ पिक्सेलचे होते आणि निम्मी रुंदी शेजारच्या राज्यांकडे जाते.

लीफलेटच्या १.० आवृत्तीपासून अपूर्णांकी पायऱ्या वापरता येतात. पाव-पाव पायरी मान्य केली, की ५.७५ वर महाराष्ट्र ३१८ पिक्सेलांत पूर्ण दिसतो. टाइल ताणल्या जातात, गावांची नावे किंचित धूसर होतात. मला हे मान्य आहे. अक्षर जरा पुसट चालेल, जिल्हा तुटलेला चालणार नाही.

मग आकार मध्येच बदलण्याचा प्रश्न. लीफलेट डब्याचा आकार मोजून लक्षात ठेवते. ब्राउझरची खिडकी लहानमोठी झाली तर ती स्वतःहून पुन्हा मोजते. पण पानावरचा बाजूचा मेनू मिटला किंवा लपलेल्या टॅबमधला नकाशा उघडला, तर तिला पत्ता नसतो. नकाशाचा एक तुकडा दिसतो, बाकी सगळे राखाडी. त्यासाठी ब्राउझरचा रिसाइझ ऑब्झर्व्हर डब्यावर लावला आणि आकार बदलताच इनव्हॅलिडेट साइझ हे फंक्शन बोलावले. ते नव्याने मोजते आणि मध्यबिंदू सांभाळते. झूम मात्र तोच राहतो, म्हणून राज्याच्या सीमा पुन्हा बसवाव्या लागतात.

पण वाचकाने बोटाने सरकवत आपला तालुका शोधला आणि मग फोन आडवा धरला, तर? तेव्हा त्याच्यापुढे पुन्हा पूर्ण राज्य मांडणे म्हणजे त्याची मेहनत वाया घालवणे. या कामात आम्ही सर्वांत जास्त बोललो ते यावर. शेवटी ठरले ते असे: वाचकाने नकाशाला हात लावेपर्यंत सीमा सांभाळायच्या, त्यानंतर त्याने निवडलेला मध्य आणि झूम. कोडमध्ये हा नियम मोजक्या ओळींचा आहे, पण माझ्या मते नव्या आवृत्तीतला तोच सर्वांत मोलाचा भाग.

जुने आकडे तसेच ठेवले. नुसता आकडा दिला तर पिक्सेल, रुंदीला टक्क्याचे चिन्ह असेल तर टक्के. कुठल्या तरी कार्यालयात छापील अहवालासाठी रोज ८०० पिक्सेलचाच नकाशा काढणारी एखादी स्क्रिप्ट चालू असेल. तिचा अहवाल उद्याही तसाच निघाला पाहिजे. लायब्ररी लिहिणाऱ्या सर्वांना माझे एवढेच सांगणे आहे: लवचीक आकार जरूर द्या, पण ज्याने मागितला नाही त्याचा नकाशा बदलू नका.